खालकर साहेबांचे तीन प्रश्न

सुकदेव खालकर या माणसाला मी जितका घाबरलो, तितका आयुष्यात कुणाला घाबरलो नाही. यात माझे वडील, गणिताचे मास्तर आणि माझी बायको हे तिघेही धरले आहेत. गंमत म्हणजे खालकर साहेब कधी ओरडायचे नाहीत. अंगाने किडकिडीत, उंची बेताची, रोजचा धुतलेला पांढरा गणवेश, आणि आवाज असा हळू, की डोक्यावरचा पंखा चालू असला तर पुढे वाकून ऐकावं लागे. पण ते समोर उभे राहून "झोप किती झाली?" असं विचारायला लागले, की माझ्या तळहातांना घाम सुटायचा. वास्तविक मी बहुतेक वेळा छान झोपून आलेलो असायचो.

नाशिक रोडहून लासलगावकडे निघालं, की मध्ये काही लहान स्टेशनं लागतात. मेल-एक्स्प्रेस तिथं थांबत नाहीत, धूळ उडवून निघून जातात. त्यातल्याच एका स्टेशनात आम्ही होतो. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यांची मुलं आता वाचायला लागली आहेत. एक फलाट, दोन बाकडी, एक कडुनिंब आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. खालकर साहेब स्टेशन मास्तर, मी आणि सय्यद असे दोन सहायक. आम्ही तिघं आठ-आठ तासांच्या पाळ्या करायचो. शिवाय दिवसपाळीला पोपट नावाचा पॉईंट्समन होता. रूळ बदलायचे, झेंडा दाखवायचा, गाडीकडे लक्ष ठेवायचं, चहा आणायचा आणि गावातल्या बातम्या आणायच्या, ही त्याची कामं. शेवटचं तो सर्वांत मन लावून करायचा.

मी मखमलाबादकडचा. आमची गुलाबाची आणि शेवंतीची शेती. घरातला पहिला सरकारी नोकर म्हणून वडिलांनी मला स्टेशनात सोडायला येताना साहेबांसाठी गुलाबांचा भारा आणला होता. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, बादलीतल्या पाण्यात ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "दादा, पोरगं रातीचं झोपतं का नीट?" वडिलांना काही कळेना. माझं लग्न जमवायचंय की काय, अशा चेहऱ्याने त्यांनी "झोपतो की" म्हणून सांगितलं.

रेल्वेत कामावर हजर व्हायचे नियम असतात. वेळेवर या, गणवेशात या, पुरेशी विश्रांती घेऊन या, नशेत येऊ नका, चष्मा असेल तर लावून या, घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी मिळवा, तुम्ही नसताना झालेल्या सगळ्या नोंदी वाचा, आणि मगच डायरीत सही करून चार्ज घ्या. वाचायला सोपं आहे. पण रोज रोज तेच करायचं म्हटलं, की माणूस सही आधी करतो आणि वाचतो नंतर, किंवा वाचतच नाही. साहेबांनी त्या जाड पुस्तकातले नियम तर पाळलेच, वर आपले तीन प्रश्न तयार केले होते. कामावर येणारा माणूस दारात उभा राहायचा आणि साहेब विचारायचे, "झोप किती झाली? पोटात काय हाय? डोक्यात काय हाय?" पोटात म्हणजे दारू आणि औषधं. डोक्यात म्हणजे घरचं भांडण, पोराचा ताप, भावाशी बांधावरून कोर्टकचेरी. उत्तर पटलं तर आत घ्यायचे. नाही पटलं तर परत पाठवायचे आणि त्याच्या जागी वरून बदली माणूस मागवायचे. आणि स्वतः चार्ज घ्यायला आले, की न विचारताच उत्तरं द्यायचे. "झोप सात तास. पोटात भाकरी. डोक्यात काय नाय." मग सही.

पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं आधी पोचलो होतो, म्हणून जरा खुशीत होतो. साहेबांनी माझा हात धरून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दीड मिनिट पुढे होतं.

"दीड मिनिटात एक्स्प्रेस किती लांब जाती?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

"दोन किलोमीटर. तुझ्या आन् माझ्या घड्याळात दोन किलोमीटरचं अंतर हाय. मग गाडी कुठं हाय, ते मी कुणाला इचारायचं?"

घड्याळ मिळवलं. मग त्यांनी मला तीन दिवसांच्या नोंदी मोठ्याने वाचायला लावल्या. समोर पोपट बसलेला, आणि तोंडावर हात ठेवून हसत होता. मी सही करायला पेन उचललं, तर साहेबांनी डायरीवर हात ठेवला आणि मधल्या पानावरच्या एका नोंदीबद्दल विचारलं. मी ती वाचली होती, पण काय वाचलं ते आठवेना. परत पहिल्यापासून वाचायला लावलं. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, की ही नोकरी मला झेपायची नाही. आईने ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विषय संपवला.

पोपटच्या मेहुणीच्या लग्नाचा किस्सा तर अख्ख्या गावाला माहीत होता. हळद झाली, लग्न झालं, वरात झाली, आणि पोपट दोन रात्री नाचून तिसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आला. डोळे लाल, पण तोंडाला वास नाही.

"पोटात काय हाय?"

"बुंदी हाय साहेब. आईची शप्पथ, एक थेंब घेतला नाय."

"झोप?"

पोपटने जांभई दाबली.

"घरी जा."

"साहेब, म्या पेलो नाय ना पण!"

"पेलेल्याला निदान लोक वळखत्यात. तुला कोण वळखणार? घरी जा, पोपट."

साहेबांनी वर कळवलं, बदली माणूस येईपर्यंत दोन गाड्या उशिरा निघाल्या, वरून फोनवर साहेबांना जे ऐकावं लागलं ते खोलीभर ऐकू येत होतं. साहेब फक्त "हो जी" म्हणत राहिले. दुपारी पोपटची बायको मेथीची जुडी हातात घेऊन स्टेशनात आली आणि तिने साहेबांना चांगलं पाच मिनिटं झाडलं. शेवटी मेथीची जुडी टेबलावर आपटून गेली. साहेबांनी ती उचलून घरी काकूंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, पाठवली आणि म्हणाले, "ताजी हाय."

इतकं सगळं सांगितल्यावर वाटेल, की हा माणूस भारी धीराचा असणार. मलाही चार-सहा महिने तसंच वाटत होतं. फक्त एक गोष्ट मला कळायची नाही. ड्युटीवर येताना साहेब आत शिरण्याआधी स्टेशनच्या मागच्या भिंतीला हात टेकून दोन-तीन मिनिटं उभे राहायचे, डोळे मिटून. एकदा मी सहज विचारलं, "साहेब, कुणाचं नाव घेता? खंडोबाचं की सप्तशृंगीचं?"

"नाव नाय घेत रं. भ्या वाटतं."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते माझ्याकडे बघून बोलत होते.

"पस्तीस वर्षं झाली. रोज भ्या वाटतं. आत पाऊल टाकायच्या आधी पोटात गोळा येतो. तो येऊन गेला, की मग आत जायचं. ज्या दिवशी यायचा नाय, त्या दिवशी माझ्या हातून कायतरी व्हनार."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्याच एका लांबच्या स्टेशनात. चार्ज देणाऱ्या माणसाला समोरच्या गाडीने घरी जायचं होतं, तो घाई करत होता. साहेबांनी आधी सही केली, म्हणाले वाचतो मग सावकाश. तो माणूस गाडीत चढला. नोंद अशी होती, की रूळ दुरुस्तीवाले चौघं ढकलगाडी घेऊन लाइनवर गेले आहेत. साहेबांनी ती वाचण्याआधी मागच्या स्टेशनाला गाडी सोडायची परवानगी दिली. चौघांनी गाडीचा आवाज ऐकून शेतात उड्या टाकल्या. ढकलगाडीचा चुरा झाला. अर्ध्या तासाने चौघं चालत स्टेशनात आले.

"मला वाटलं, मारत्यात. मारलं असतं तर बरं झालं असतं. मुकादम म्हातारा व्हता. त्याची प्यांट भिजलेली. मला म्हनला, साहेब, पानी द्या. बस. आन् ढकलगाडीचं त्यानं वर सांगताना सौताच्या अंगावर घेतलं. नवं पोरगं हाय म्हनला, नोकरी जाईल."

म्हणून साहेबांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीवर एकही डाग नव्हता. त्या कोऱ्या कागदाचा त्यांना अभिमानही होता आणि लाजही होती, आणि त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. निवृत्तीच्या दिवशी इथल्या खुर्चीवरून चार्ज द्यायचा, डायरीत 'सर्व ठीक' लिहायचं, खाली सही करायची आणि चालत घरी जायचं. सत्कार नको, हार नको. "म्या कुनाला मारलं नाय, येवढं लिहून जायचंय," असं ते म्हणायचे.

हे ऐकल्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती, पण ती वाढली. जो माणूस मला पहाडासारखा वाटत होता, तोच रोज भिंतीला धरून उभा राहतो म्हटल्यावर मी कशाला धरायचं? त्यानंतर माझ्याही पोटात गोळा यायला लागला, आणि आजही सकाळी आठला तो येतोच.

आता डोळ्यांचं सांगतो.

आमच्या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती म्हणाल, तर गेलेल्या गाडीचा शेवटचा डबा बघणं. शेवटच्या डब्यामागे एक पाटी असते आणि अंधार पडल्यावर लाल दिवा असतो. ती पाटी किंवा तो दिवा दिसला, म्हणजे गाडी पूर्ण गेली. नाही दिसला, म्हणजे जोड तुटून काही डबे मागे लाइनवरच राहिले असू शकतात. पाटी बघितल्यावरच मागच्या स्टेशनाला कळवायचं, की लाइन मोकळी आहे, पुढची गाडी सोड. न बघता कळवलं आणि डबे मागे उभे असले, तर पुढची गाडी त्यांच्यावर जाऊन आदळणार. इतकं सरळ आहे ते.

साहेब गाडी गेली, की पोपटला विचारायचे, "पाटी व्हती ना रं?" प्रत्येक गाडीला. पोपट मोठ्याने "व्हती साहेब!" म्हणायचा. त्याला वाटायचं, साहेब आपली परीक्षा घेताहेत, आणि तो त्या परीक्षेत रोज पहिला येत असल्याने त्याची छाती फुगलेली असायची. मलाही तसंच वाटायचं. तसंच साहेब नेहमी सकाळची पाळी घ्यायचे. संध्याकाळ आणि रात्र मी आणि सय्यद वाटून घ्यायचो. वयाने मोठे आहेत, घेऊ देत, असं आम्ही म्हणायचो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट असेल. एका संध्याकाळी मी साहेबांच्या क्वार्टरवर एक कागद द्यायला गेलो. दिवस नुकताच मावळला होता, मला रस्ता स्वच्छ दिसत होता. साहेब अंगणात यायला निघाले तर काकूंनी त्यांचा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "पायरी हाय." साहेबांनी पाय चाचपून खाली टाकला. मग मी दिसलो असेन, म्हणजे माझा आवाज आला असेल, तसे ते ताठ झाले.

साहेब कागद घेऊन आत गेल्यावर काकू माझ्यामागून फाटकापर्यंत आल्या. "सांज झाली का त्यास्नी दिसत नाय रे नीट. दोन वरीस झाली. दिवसा दिसतं. सकाळची ड्युटी हाय तवर काय नाय व्हत. सोळा महिने राह्यलेत भाऊ. कुनाला बोलू नको." त्यांनी हात जोडले. आईच्या वयाच्या बाईने हात जोडल्यावर माणूस काय करणार? मी म्हटलं, "नाही बोलणार, काकू." घरी येताना सायकल दोनदा रस्त्याखाली गेली.

डॉक्टरी तपासणी दिवाळीनंतर होती. तिथे ते नापास होणार, मग खुर्ची जाणार, कुठल्यातरी पार्सल ऑफिसात पावत्या फाडायला बसवणार, क्वार्टर सोडावं लागणार. हे त्यांना माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आता मलाही माहीत झालं. तीन प्रश्नांत डोळ्यांचा प्रश्न का नव्हता, तेही मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्याला परत पाठवणारा हा माणूस स्वतःला मात्र रोज आत घेत होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला नुसती भीती वाटली, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की कुणाला सांगायची हिंमत होईना.

मे महिन्यात सय्यदची आई आजारी पडली आणि तो रजेवर गेला. मग आम्ही दोघंच. बारा-बारा तासांची ड्युटी, सकाळी आठ ते रात्री आठ साहेबांची, रात्री आठ ते सकाळी आठ माझी. म्हणजे साहेबांच्या वाट्याला संध्याकाळ आली.

तिसऱ्या दिवशी मी लवकर निघालो. साडेसातला पोचलो. दिवस मावळला होता, वारा सुटला होता आणि फलाटावर धूळ भरली होती. लासलगावकडून कांद्याची मालगाडी येत होती. फाटकात एक ट्रॅक्टर बंद पडला होता म्हणून पोपट त्याला ढकलायला गेला होता, ट्रॅक्टर निघाला होता पण पोपट अजून रस्त्यावरच होता. साहेब फलाटावर एकटे उभे. मी कडुनिंबाखाली सायकल स्टँडला लावत होतो, स्टँडची स्प्रिंग गेलेली, सायकल दोनदा आडवी झाली. माझी पाठ रुळांकडे होती. मालगाडी धडधडत गेली.

"पाटी व्हती ना रं?"

मला वाटलं पोपटला विचारताहेत. वळून बघितलं, तर साहेब माझ्याकडे तोंड करून उभे होते.

मी म्हटलं, "हो, साहेब."

का म्हटलं? तेव्हापासून हजारदा स्वतःला विचारलंय. तोवर मी त्या माणसाला 'हो साहेब'शिवाय दुसरं काही म्हटलंच नव्हतं, हे एक. आणि 'नाही बघितलं' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न उघड होता, की मग तुम्ही तरी बघितलंत का? तो मला विचारायचा नव्हता.

साहेब आत गेले. मी मागोमाग. त्यांनी मागच्या स्टेशनाला लाइन मोकळी झाल्याचं कळवलं. तिकडे पॅसेंजर उभी होती. तिकडच्या मास्तराने तिला सोडायची परवानगी मागितली, साहेबांनी दिली. दोन मिनिटांत घंटी वाजली. पॅसेंजर सुटली.

मी डायरी उघडून समोर बसलो होतो. अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. बाजार उरकून परतणाऱ्या माणसांनी ती गाडी भरलेली असते, हे मला माहीत होतं. टोपल्या, पोरं, दारात लटकणारी माणसं. आणि मध्ये कुठेतरी अंधारात कांद्याचे चार डबे उभे असतील का? असतील, असं मला वाटायला लागलं. मग खात्रीच झाली. मी उठून ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. खरं ते सांगतो, मी माणसं मरतील म्हणून जितका घाबरलो होतो, तितकाच साहेबांसमोर खोटा पडेन म्हणून घाबरलो होतो. याची मला आजही शरम वाटते.

मी पुढच्या स्टेशनाला फोन लावला. "मालगाडी आली का?"

"येतेय. दोन मिनिटं."

फोन कानाला धरून उभा राहिलो. साहेब खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. पलीकडून गाडीचा आवाज यायला लागला, तो संपता संपेना. मग आवाज थांबला.

"गेली," पलीकडचा म्हणाला.

"पूर्ण? मागचा दिवा?"

"व्हता की. लाल भडक. का रे? काय झालं?"

"काही नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. मी खाली स्टुलावर बसलो. थोड्या वेळाने पॅसेंजर आमच्या फलाटाला लागली. माणसं उतरली, कुणीतरी कुणालातरी हाक मारली, एक पोर रडत होतं. गाडी गेली.

"तू बघितलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब."



"म्या बी नाय," ते म्हणाले.

आठ वाजता त्यांनी मला चार्ज दिला. तीन प्रश्न विचारले. डोक्यात काय हाय, या प्रश्नाला मी 'काही नाही' असं उत्तर दिलं. पहिल्यांदाच त्यांनी खोटं उत्तर घेतलं आणि मला आत घेतलं. मग पोपटच्या खांद्यावर हात ठेवून ते घरी गेले. रात्रभर मी प्रत्येक गाडीची पाटी डोळे फाडून बघत होतो आणि सकाळी आठची वाट बघत होतो. सकाळी साहेब येणार, आणि त्या दिवशीही त्यांची ड्युटी संध्याकाळी आठपर्यंत असणार. मी काही बोललो नाही, तर उद्या पाटी नसलेली गाडी येईल. बोललो, तर या माणसाची पस्तीस वर्षं मी माझ्या तोंडाने संपवणार. सुटका कुठेच नव्हती.

पावणेआठला साहेब आले. भिंतीजवळ उभे राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग आत आले. सकाळच्या उजेडात त्यांना सगळं दिसत होतं. घड्याळ मिळवलं, नोंदी बोट फिरवून वाचल्या.

"झोप चार तास," ते म्हणाले. "पोटात भाकरी. डोक्यात..." तिथे थांबले. मग पेन उचललं.

मी डायरीवर हात ठेवला. 

"साहेब, डोळ्यांचं काय?"

पोपट दारात उभा होता. बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं.

"दिवसा दिसतं मला," साहेब हळू म्हणाले.

"आज ड्युटी रात्री आठपर्यंत आहे, साहेब."

"पंधरा महिने राह्यलेत रं."

"हो, साहेब."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते पुसलं नाही. हात डायरीवरून काढला असता, तर पुन्हा ठेवायची हिंमत झाली नसती. मला वाटलं, आता हे मला घरी पाठवतील, किंवा आयुष्यात पहिल्यांदा ओरडतील. साहेबांनी माझा हात अलगद उचलून बाजूला ठेवला.

"लय उशीर केला रं तू," ते म्हणाले. "दोन वरीस वाट बघतोय, कुनीतरी इचारंल म्हणून."

मग खुर्चीत न बसता, उभ्यानेच, त्यांनी डायरीत लिहिलं. त्यांचं अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. सकाळी ड्युटीवर हजर झालो. संध्याकाळनंतर दृष्टी कमी पडते. काल सायंकाळी मालगाडीची पाटी न पाहता लाइन मोकळी दिली. ड्युटीस अपात्र. खाली सही. कालचं लिहू नका, असं मी म्हणणार होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसलो. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. मुकादमाने त्यांच्यासाठी केलं, ते त्यांनी माझ्यासाठी केलं. नंतर चौकशीत मी माझं सांगून टाकलं, पण ते नंतर.

वर फोन केला. बदली मास्तर अकरापर्यंत येईल, तोवर मीच बसायचं, असं ठरलं. बारा तास जागून वर तीन तास. साहेबांच्या नियमाने मीही घरी जायला हवं होतं, पण दुसरं कोण होतं? पोपट चहा घेऊन आला. मी म्हटलं, "साहेब, बसा ना आत. चहा घ्या."

साहेब दाराच्या बाहेर गेले होते. "ड्युटीवर नसलेल्या माणसाला आत बसायला परवानगी नाय," ते म्हणाले. आणि चहाचा कप पोपटच्या हातून उंबऱ्याबाहेर घेतला.

त्यानंतर ते कुठल्या ऑफिसात गेले, किती दिवस राहिले, निवृत्त होऊन गावी कधी गेले, हे मला इकडून तिकडून कळलं. काकूंनी एकदा द्राक्षांची पेटी पाठवली होती. मी भेटायला गेलो नाही. जायचं म्हणायचो आणि जायचो नाही. म्हणून त्यांना मी शेवटचं पाहिलं, ते त्या सकाळी.

ते घरी गेले नाहीत. फलाटावरच्या बाकड्यावर, प्रवासी बसतात तसे बसून राहिले. नऊच्या सुमाराला एक्स्प्रेस येणार होती. न थांबणारी गाडी जाताना मास्तराने फलाटावर उभं राहून ड्रायव्हरला हिरवा झेंडा दाखवायचा असतो, सगळं ठीक आहे म्हणून. ड्रायव्हरही हात बाहेर काढून दाखवतो. आमच्या लाइनीवरचे सगळे ड्रायव्हर साहेबांना ओळखायचे. मी झेंडा घेऊन बाहेर आलो आणि उभा राहिलो. लांबून हॉर्न ऐकू आला तसे साहेब बाकड्यावरून उठले, पांढऱ्या गणवेशात, आणि फलाटाच्या कडेपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर उभे राहिले, जिथं ते रोज उभे राहायचे. ड्रायव्हर खिडकीतून वाकला आणि सवयीने त्यांच्याकडे बघून हात हलवायला लागला. साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरून ठेवलं. ड्रायव्हर हात हलवतच होता, त्याला उत्तर हवं होतं. मी साहेबांच्या त्या हातांकडे बघत राहिलो, आणि इंजिन माझ्या अगदी समोर आलं तेव्हा पोटात गोळा येऊन माझ्या लक्षात आलं, की झेंडा माझ्या हातात आहे आणि तो मी अजून वर केलेला नाही.